मिठाच्या डब्यामागचा दाणा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलते — त्याला ठाऊकच असेल, म्हणते, आणि पुढं सरकते. तुम्हाला सांगून राह्यले, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तर माझ्या घराचं कौतुक करणाऱ्यांपैकीच कोणीतरी असणार. मंग तर ऐकाच.

जालन्यात, एमआयडीसीपासून जवळ, आमचं भाड्याचं घर आहे. आमचे हे बियाण्याच्या कारखान्यात कामाला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर म्हणायचं म्हणून म्हणायचा एक बोळ. पण शेजारणी येतात त्या दारातच थबकतात. एवढ्याशा जागेत तुझं सगळं मावतं कसं गं, म्हणतात. मीही तोऱ्यात सांगते — रोज लागतं ते कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली ठेवायचं, वाकायला नको, टाचा उंचवायला नको. जड असेल ते खाली. जे संगं लागतं ते संगं राहू द्यायचं, चहापत्ती, साखर, गाळणी, सांडशी सगळं एका हाताच्या अंतरात. दारामागची भिंत रिकामी सोडायची नाही, तिथं जुन्या साडीची कप्प्यांची पिशवी शिवून टांगायची. चालायच्या वाटेवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. माळ्यावर फक्त सणासुदीचं, आणि प्रत्येक गाठोड्याची नाडी खाली सोडलेली, म्हणजे ओढली की गाठोडं हातात. बचत गटाच्या बैठकीत तर मला उभं करून हे सगळं बोलायला लावलं. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

यातलं एकही माझं नाही. सगळं माझ्या थोरल्या जावेचं आहे. पण थांबा, कबूल करायचंय ते हे नाही. दुसऱ्याची अक्कल आपली म्हणून मिरवणं — निम्मं जग तेच करतं. त्याच्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

लग्न होऊन मी जाफराबादला गेले तेव्हा सासूबाई वारलेल्या होत्या. घर जाऊबाईंच्या हातात. शोभाताई नाव त्यांचं, माहेर कुंभार पिंपळगावचं. थोरले दीर शेती बघायचे, आमचे हे सोमवारी एसटीनं जालन्याला जायचे ते शनिवारी परत. पुतणी पल्लवी तेव्हा कॉलेजात. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघी जावा.

त्या घराचं काय सांगू तुम्हाला! पत्र्याचं साधं घर, भिंतीला दरवर्षी चुना. पण मी माहेरी पसाऱ्यात वाढलेली बाई. आमच्याकडं कात्री सापडली की आई पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवायची. आणि इथं — वस्तूचं नाव घ्यायचा अवकाश, जाऊबाईंचा हात तिच्यावर. दाराजवळच्या खुंट्या खांद्याच्या उंचीला, एकीवर टोपी, एकीवर पिशव्या, एकीवर किल्ल्या. खाटेखाली पत्र्याच्या पेट्या, आणि प्रत्येक पेटीच्या कडीला वेगळी चिंधी बांधलेली. रेशमी चिंधी म्हणजे सणाच्या साड्या, जाडीभरडी म्हणजे अंथरूण-पांघरूण. मांडणीत ताटं मोठ्याकडून लहानाकडं. उलथण्याचे, पळ्यांचे दांडे एकाच बाजूला. पहिल्या दिवशी मला घाबरायलाच झालं, हात लावावा की नाही.

आणि फळीवर डबे. एकासारखा दुसरा नाही. मीठ कान तुटलेल्या चिनी मातीच्या बरणीत. साखर एका बाजूनं चेंबटलेल्या डब्यात. चहापत्ती चपट्या, तूरडाळ कडी असलेल्या, हरभऱ्याची डाळ कडी तुटलेल्या डब्यात. मला ते भंगार वाटायचं. एवढी टापटिपीची बाई, आणि डबे असले कसे? खर्च नको म्हणून, असं मी आपलं ठरवून टाकलं.

एकदा दिवेलागणीला लाइट गेली. मी बॅटरी शोधत निघाले आणि खाटेला धडकले. पल्लवी पाण्याच्या घागरीला. भाऊजी बाहेरून ओरडून राह्यले, काडेपेटी कुठंय म्हणून. आणि ह्या सगळ्यात भाकरी थापायचा आवाज एकदाही तुटला नाही. थप थप थप, त्याच लयीत. मंग जाऊबाई उठल्या, कोनाड्यातली काडेपेटी घेतली, कंदील लावला, माझ्या हातात दिला आणि परत परातीपाशी जाऊन बसल्या. मी कंदील धरून तोंड उघडं टाकून उभी. मला वाटलं, सवय. किती सवय व्हावी माणसाला!

पण रोज रोज थक्क व्हायचं म्हणजे काही दिवसांनी पोटात दुखायला लागतं. शोभाला विचार. शोभानं कसं केलंय बघ. भाऊजी तेच, पाहुणे तेच. आमचे हेसुद्धा शनिवारी माझ्या हातची भाजी खाऊन म्हणायचे, वहिनीसारखी जमली नाही. मी हसायचे. आतून जळायचे. सरळच सांगते — जळायचे.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातली चिंधी न चिंधी, भांडं न भांडं बाहेर काढायचं, धुवायचं, भिंती झाडायच्या, आणि मंग सगळं पुन्हा जागच्या जागी लावायचं. त्या वर्षी जाऊबाई पल्लवीला घेऊन वाकळा धुवायला नदीवर गेल्या. मी घरी, डब्यांचा ढीग घासायला. आणि गल्लीत भंगारवाला आला. जुन्या भांड्यांवर नवे प्लास्टिकचे डबे देणारा.

मोबाइलवर मी तसल्या स्वयंपाकघरांचे व्हिडिओ बघायचे. एकसारखे पारदर्शक डबे, एका रांगेत, प्रत्येकावर कागदाची पट्टी आणि तिच्यावर सुबक अक्षरात नाव. मला वाटलं, हीच वेळ. सगळे जुने डबे, ती बरणीसुद्धा, मी त्याच्या हातगाडीवर टाकले. नवे डबे घेतले — सगळे एका मापाचे, एका आकाराचे, सगळ्यांना निळी झाकणं आणि प्रत्येकात एक चमचा. पल्लवीच्या वहीचा कागद कापून पट्ट्या चिकटवल्या. फळी अशी दिसायला लागली, अशी दिसायला लागली! मी स्वतःच मागं सरून बघत बसले.

त्या नदीवरून आल्या. पल्लवी किंचाळलीच, काकू, काय भारी! भाऊजी आत आले, म्हणाले, आता कसं शहरातल्यासारखं वाटतं. जाऊबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि फळीवर ठेवले. एक डबा चाचपला. मंग शेजारचा. मंग त्याच्या पलीकडचा. हात तिथंच थांबला. छान दिसून राह्यलं, म्हणाल्या. आणि वाकळा वाळत घालायला बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या चुकायला लागल्या. चहात चहापत्तीऐवजी मोहरी. वरणाला तुरीऐवजी हरभऱ्याची डाळ. पोळ्या करायला बसायच्या आणि पीठ शोधायला वेळ लागायचा. डबे मी रोज पुसायचे आणि रंग बघून पुन्हा लावायचे, पिवळ्याशेजारी लाल, लालशेजारी पांढरा — म्हणजे जागाही रोज बदलायची. शोभाला विसर पडून राह्यला, भाऊजी म्हणाले. शेजारीण म्हणाली, वंदना आहे म्हणून बरं. ते वाक्य मला किती गोड लागलं, सांगू?

मंग एकदा डबे पुसताना मिठाच्या डब्याच्या पाठीमागं, भिंतीकडच्या बाजूला, ज्वारीचा एक दाणा चिकटलेला दिसला. पिठाच्या खळीनं चिकटवलेला. मला वाटलं, खरकटं. नखानं खरवडला. दुसऱ्या दिवशी दाणा परत तिथंच. हरभरा डाळीच्या डब्यामागं एक डाळ, चहापत्तीच्या मागं दोऱ्याची गाठ. साखरेच्या मागं काहीच नाही — मीठ आणि साखर शेजारी, दाणा असेल ते मीठ, नसेल ती साखर. मी डबा हातात धरून उभी राहिले. हे कोण करतंय, आणि कशाला? पट्ट्या तर मी लावल्यात ना, एवढ्या ठळक अक्षरात?

सकाळच्या लख्ख उन्हात जाऊबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मी हातातल्या बांगड्या वर सारल्या. पाय न वाजवता बाजूनं गेले आणि चहाचा कप त्यांच्या खांद्याजवळ धरला. धरून राहिले. त्या निवडत राहिल्या. बोटं खडा काढत होती, डाळ सारत होती. कप त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर. शेवटी वास लागला असेल — त्या दचकल्या, हसल्या, आणि माझं मनगट चाचपत कप घेतला.

त्यांना दिसत नव्हतं. ज्याला आम्ही सगळे टापटीप म्हणत होतो, तो त्या बाईचा चालायचा रस्ता होता. खुंट्यांची उंची, पेट्यांच्या चिंध्या, तुटका कान, चेंबटलेली कड — सगळं बोटांसाठी. किती वर्षं? नवऱ्याला पत्ता नाही, पोटच्या पोरीला पत्ता नाही, आणि बाई भाकरी थापते, वाकळा धुते, पाहुण्यांना वाढते. अंगणात उभ्या उभ्या मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. खोटं नाही सांगत. तेव्हा खरंच तसं वाटलं.

लपवत का होत्या, तेही मला कळत होतं. त्यांची आई चाळिशीनंतर आंधळी झाल्ती, पल्लवीनंच कधीतरी सांगितलेलं. आणि पल्लवीला स्थळं यायला लागली होती. विसरभोळ्या आईच्या पोरीला कोणी नाकारत नाही. आजी आंधळी, आई आंधळी म्हटलं, की लोक चहा अर्धा ठेवून उठतात.

मंग मी काय करायला पाहिजे होतं? हळूच जवळ बसायचं. ताई, मला कळालंय, डबे कसे लावू सांगा. एवढंच. त्याला कितीसा वेळ लागला असता?

मी आत गेले आणि दाणा खरवडला.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय, की आता तो विचारायचीसुद्धा लाज वाटते. वंदना आहे म्हणून बरं — ते मला पुन्हा ऐकायचं होतं. बस. त्याच्या खाली काही खोल कारण दडलेलं नाही, मी शोधून पाहिलंय. त्या चिकटवायच्या, मी खरवडायचे. त्या पुन्हा चिकटवायच्या. त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि विचारणार कशा? विचारायचं तर दाणा कशासाठी, ते सांगावं लागलं असतं. हे मला माहीत होतं. मी त्याच्या जोरावरच करत होते.

अष्टमीला आमच्या घटाला पुरणाचा नैवेद्य. तो जाऊबाईंच्याच हातचा, सासूबाईंपासूनची रीत. नैवेद्याचं चाखायचं नाही, वास घ्यायचा नाही, जिनसात हात घालायचा नाही — सगळं चमच्यानं. म्हणजे जीभ बंद, नाक बंद, बोटं बंद. त्यांच्याकडं उरला होता तो एक दाणा. सकाळी त्या न्हाणीत गेल्या तेव्हा मी तो काढला.

त्या सोवळ्यानं चुलीपाशी आल्या. डाळ शिजली, गूळ पडला. आमच्याकडं पुरणात निम्मा गूळ, निम्मी साखर. त्यांनी फळीवर हात नेला. मी दारात उभी होते. त्यांनी मिठाचा डबा उचलला, बोट पाठीमागं फिरवलं — वरून खाली, पुन्हा एकदा वरून खाली. दाणा नाही. म्हणजे साखर. किती विश्वासानं त्यांनी झाकण उघडलं! चमच्यावर चमचा पुरणात टाकत राहिल्या. मी बघत होते. एक शब्द बोलले असते, ताई, तो नव्हे — जीभ उचलायची तेवढीच होती. मी उंबऱ्यावरून हलले नाही.

नैवेद्य दाखवून झाला, पाहुणे पानावर बसले. पहिल्या घासाला भाऊजींचं तोंड फिरलं. घटाला खारट पुरण दाखवलं गेलं होतं, चार पाहुण्यांदेखत. ते उठून चुलीपाशी आले.

"शोभे, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? उद्यापासून चुलीपाशी वंदना बसंल."

जाऊबाईंनी मान खाली घातली. कमरेची किल्ली काढून माझ्या बाजूला हात पुढं केला. मी घेतली.

त्यानंतर दोन-तीन वर्षं त्या उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात बसायच्या. धान्य निवडायच्या, वाती वळायच्या, पुढं माझं पोर झालं ते मांडीवर घ्यायच्या. रडल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत. आणि त्या कोपऱ्यातसुद्धा — काय बाई होती ही! जुन्या साडीची कप्प्यांची पिशवी शिवून भिंतीला टांगली, प्रत्येक कप्प्याला वेगळी शिवण. फणी, तेल, सुईदोरा, गोळ्या, पल्लवीचा फोन नंबर लिहिलेला कागद. त्या कागदाचा त्यांना काय उपयोग, हे फक्त मला ठाऊक होतं. चार हात जागेत त्यांनी पुन्हा एक घर लावलं. मी चुलीपाशी बसून बघायचे. त्यांचं स्वयंपाकघर माझ्या हातात होतं, आणि मला त्यात चिमटा सापडत नव्हता.

पल्लवीचं लग्न ठरलं, झालंही. लग्नात जाऊबाई सगळ्या विधींना उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी दुपारी, मांडवात कोणी नसताना, त्या एकट्या चालून आल्या होत्या — पाट, खांब, पायरी, सगळं पायानं मोजून. कोणाला शंका आली नाही. पोरगी सासरी नांदायला लागली, आणि मंग एका सकाळी त्यांनी चहा पिता पिता भाऊजींना सांगितलं, मला दिसत न्हाई. जसं काही बाजारातून काय आणायचं ते सांगावं.

जालन्याच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याचा आतला पडदा वाळत गेलेला, फार वर्षांपासून, आता इलाज नाही. इतकी वर्षं घर कसं चालवलं ह्यांनी, त्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजी तिथंच बाकावर बसून लहान पोरासारखे रडले. म्हणून ते पुरण खारट झाल्तं, म्हणाले, आणि मी तिला नाही नाही ते बोललो. मी शेजारी उभी होते. आधी तो दोष त्यांच्या डोक्यावर गेला, आता डोळ्यांवर. माझ्यावर कधी आलाच नाही. तेव्हा बोलायची पुन्हा संधी होती. मी भाऊजींना पाणी आणून दिलं.

पुढं आम्ही जालन्यात बिऱ्हाड केलं. हे घर मी लावलं ते जसंच्या तसं जाऊबाईंच्या घरासारखं. न ठरवता हात तसेच गेले. आणि मिठाच्या डब्यामागं मी ज्वारीचा दाणा चिकटवते. माझे डोळे धडधाकट आहेत. मला तो कशाला पाहिजे? पडला की दुसरा लावते. शेजारणी विचारतात तेव्हा हसून विषय बदलते.

या हिवाळ्यात जाऊबाई आल्या होत्या, पल्लवीकडून आमच्याकडं दोन दिवस. आता त्यांना उजेडसुद्धा कळत नाही. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, वरण मी फोडणीला टाकते. माझं स्वयंपाकघर त्यांनी कधी पाहिलेलं — म्हणजे हाताळलेलं — नव्हतं. आत गेल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, आणि हात सोडला. पळी जिथं असायला पाहिजे तिथं. हळद तिथं. मोहरी तिथं. प्रत्येक वस्तूपाशी त्यांचा हात जरासा थांबायचा, मंग पुढं जायचा. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला सांगता येणार नाही. आपल्याच घरात बऱ्याच वर्षांनी पाय ठेवल्यासारखा तो हात फिरत होता.

मी दारात उभी. त्याच दारात असल्यासारखी.

त्यांनी मिठाचा डबा उचलला. बोट पाठीमागं गेलं. दाण्यावर थांबलं. फोडणी तडतडत होती.

"रोज नखाचा आवाज यायचा, वंदे," त्या म्हणाल्या. "अष्टमीला न्हाई आला. न्हाणीत होते मी."

आवाज शांत होता. राग नाही, टोमणा नाही. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. किल्ली माझ्या हातात देताना माहीत होतं. भाऊजी डॉक्टरांकडं रडले तेव्हा माहीत होतं. कोपऱ्यात बसून वाती वळताना, मी वाढलेलं ताट चाचपून घेताना, माझ्या पोराला मांडीवर झोपवताना — माहीत होतं. एवढं मोठं त्यांनी मनात कुठं ठेवलं असेल? आणि असं ठेवलं, की कोणाच्या पायात आलं नाही.

मी दारातून हलले नाही. तेव्हाही नाही. त्यांनी चमच्यानं बराबर लागतं तेवढं मीठ वरणात टाकलं, झाकण घट्ट लावलं, आणि दाणा भिंतीकडं करून डबा होता तिथं ठेवला.